आधी सही, मग सभा

बीडला फिरायला म्हणून कुणी जात नाही. मी बॅग भरायला घेतली तेव्हा दापोलीच्या आमच्या शेजारीणबाईंनी, "तिकडे कुणाचं लग्न आहे का?" असंच विचारलं. लग्नबिग्न काही नव्हतं. जगातल्या देशांनी मिळून सतरा ध्येयं ठरवली आहेत, गरिबी हटवण्यापासून झाडापाण्यापर्यंत. ती आपल्या एखाद्या खेड्यात कशी उतरतात, हे मलावी देशातून आलेल्या एका बाईंना बघायचं होतं. त्यांच्या इंग्रजीचं मराठी आणि लोकांच्या मराठीचं इंग्रजी करायला मी.

माझी निवड झाली त्याला आणखी एक कारण होतं. नियोजन शाखेतून निवृत्त झाल्यावर मी एका संस्थेला गावाच्या विकास आराखड्याचा नमुना लिहून दिला होता. गावांनी त्यातली आपल्याला लागू पडतील ती ध्येयं उचलायची, गावाचं नाव घालायचं, की आराखडा तयार. हा नमुना बऱ्याच गावांनी वापरला आणि मला त्याचा चांगलाच गर्व होता. होता, असं मुद्दाम लिहिते आहे.

पाहुण्या बाईंचं नाव चिम्वेम्वे फिरी. पन्नाशीच्या, उंच, कमी बोलणाऱ्या, त्यांच्या देशाच्या नियोजन खात्यात बऱ्याच वरच्या जागेवर. दिल्लीत चार दिवस पडद्यावरचे तक्ते बघून त्या इतक्या कंटाळल्या होत्या की पुण्यात भेटल्याबरोबर म्हणाल्या, आता मला फक्त माणसं दाखवा, तक्ता दाखवलात तर मी परत जाईन. मला बाई तिथेच आवडल्या.

पाली

मांजरसुंब्याचा घाट उतरलं की पाली येतं आणि बिंदुसरेचं धरण दिसतं. जानेवारीचा शेवट होता, पाणी बऱ्यापैकी होतं. आम्ही गाडी थांबवून बांधावर गेलो. कोकणातल्या माणसाला पाण्याचं काय कौतुक, पण आजूबाजूच्या पिवळ्या पडलेल्या टेकड्या बघून ते निळं पाणी बघितलं की माझ्यासारखीसुद्धा गप्प होते. बाई आपल्या देशातल्या मोठ्या सरोवराबद्दल सांगत होत्या. त्याचा दुसरा काठ दिसत नाही आणि काठावरच्या गावात मात्र नळाला पाणी नाही, हे सांगताना त्या हसल्या. मला हसावं की नाही ते कळेना.

तिथल्याच एका खानावळीत जेवलो. ज्वारीची भाकरी, भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याची म्हणजे येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. आमच्याकडे चटणी म्हणजे ओल्या खोबऱ्याची, निम्मी वाटी सहज जाते. मी त्याच हिशोबानं ठेच्याचा मोठा घास घेतला आणि पुढची दहा मिनिटं माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. चिम्वेम्वेबाईंनी मात्र भाकरीचा तुकडा असा सफाईनं मोडला, आमटीत असा बुडवला, की खानावळवाल्यानं दुसरी भाकरी न मागता वाढली. त्यांच्याकडे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा करतात, न्सिमा म्हणतात त्याला. तोही असाच हातानं मोडून कालवणात बुडवून खायचा. मी मलावीत गेले तर उपाशी राहणार नाही, एवढं नक्की झालं.

जेवताना त्यांनी आपलं काम सांगितलं. त्यांच्या देशाची ध्येयांची यादी यंदा नव्यानं ठरत होती. परदेशातून तज्ज्ञ आले, त्यांनी जाड गुळगुळीत कागदावर मसुदा करून दिला. बाई परतल्या की तो मंत्रिमंडळापुढे जाणार होता. ही ध्येयं देशाच्या स्वतःच्या मालकीची आहेत, असं त्यात पानोपानी छापलंय म्हणे. मी विचारलं, मग आहेत का मालकीची? त्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या घरातल्या भांड्यांवर तुम्ही रोज उठून 'हे माझं आहे' असं लिहिता का?"

मी म्हटलं, आमच्याकडे तसं नाही हो. आमच्याकडे गावच आपलं ध्येय निवडतं, ग्रामसभेत बसून, हात वर करून. मग माझ्या नमुन्याबद्दलही दोन शब्द सांगितले. दोन कसले, बीड येईपर्यंत सांगत होते.

उमापूरच्या पुढे

गेवराईहून उमापूरला वळलं की सगळं काळं रान. कापूस बराचसा वेचून झालेला, पऱ्हाट्या उभ्या, मध्येच ऊस, मध्येच कणसात आलेली ज्वारी. कोकणात नजर पुढच्या माडापाशी अडते, इथे ती कुठे अडतच नाही. आम्हाला जायचं होतं ते गाव उमापूरच्याही पुढे. त्याचं नाव सांगत नाही, कारण पुढची हकीकत वाचून कुणी त्यांना नोटीस पाठवायला नको.

सरपंच दत्तारावांकडे आमची उतरायची सोय होती. पंचेचाळिशीचा, मोकळा, कापूस-उसाचा शेतकरी. ग्रामसेवकही तिथेच होते. त्यांना सगळं गाव भाऊसाहेब म्हणतं, त्यामुळे मीही म्हणू लागले. माणूस कामसू. दोन दिवसांनी प्रजासत्ताक दिन, त्या दिवशी झेंड्यानंतर ग्रामसभा, सभेत आराखडा मंजूर करायचा आणि संध्याकाळपर्यंत संगणकावर चढवायचा, असा त्यांचा बेत होता. आराखडा तुमच्याच नमुन्यावरून केलाय म्याडम, असं त्यांनी सांगितल्यावर मी चिम्वेम्वेबाईंकडे कसं बघितलं असेल ते विचारू नका.

बायकांनी पाहुणीचं नाव एकदा म्हणून बघितलं, दोनदा बघितलं, आणि चिमाबाई करून टाकलं. बाईंना ते इतकं पसंत पडलं की मी चुकून पूर्ण नावानं हाक मारली तर त्या मला दुरुस्त करू लागल्या.

रानात

सकाळी दत्ताराव आम्हाला मोठ्या उत्साहानं आपल्या रानात घेऊन गेले. दाखवायचं काय, तर लेंड्या. अख्ख्या एकरात लेंड्या पसरलेल्या. "रातीला मेंढरं बसलीती," ते म्हणाले, जसा एखादा आमच्याकडे, काल घरी गवई बसले होते, असं सांगेल.

ही इकडची जुनी रीत. पीक निघालं की शेतकरी मेंढपाळाला बोलावतो. मेंढ्या दिवसभर गायरानात चरतात, गावाच्या सामायिक पडीक जमिनीवर, आणि रात्री जाळी लावून एखाद्याच्या रानात बसवतात. रानाला खत मिळतं, मेंढपाळाला ज्वारी. आमच्याकडे हे मुळीच नाही. आमच्याकडे भाताच्या खाचरात पातेरा, म्हणजे वाळला पाला, भाजतात आणि मोकाट गुरं कुणाच्या बागेत शिरली की भांडणं होतात.

जाळी गुंडाळत एक बाई उभी होती. काशाबाई. साठीच्या आसपासची, काटक, डोक्याला घट्ट पदर. गावाबाहेर पंधराएक घरांची धनगरांची वस्ती आहे, तिथली. नवऱ्याचे गुडघे गेले तेव्हापासून कळपाचं सगळं तीच बघते. मेंढ्या कधी कुणाच्या रानात बसायच्या, हा क्रम सगळ्या वस्तीसाठी तिच्या डोक्यात असतो. लोक दिवाळीपासून पाळी सांगून ठेवतात. दत्तारावसुद्धा पाळी मागायला तिच्याकडेच येतात, सरपंच झाले तरी.

चिमाबाईंनी तिला प्रश्नांवर प्रश्न विचारले. दोघांनी एकच दिवस मागितला तर? ज्याचं रान हलकं त्याला आधी. कुणी ज्वारी द्यायला टाळाटाळ केली तर? पुढच्या साली त्याची पाळी शेवटी, आणि सगळ्या गावाला कळतं कावून ते. चिमाबाई वहीत भराभर लिहीत होत्या. दिल्लीत चार दिवसांत त्यांनी एवढं लिहिलं नसेल.

मग त्यांनी विचारलं, ग्रामसभेत बायका येतात का. काशाबाईनं जाळी खाली ठेवली.

"कावून न्हाई? माझी सही हाय की तितं. चला, दाखविते."

सही ती बचत गटात बसून पन्नाशीनंतर शिकलेली. अंगठा लावायचा नाही, असा तिचा नेम. मेंढ्या सुनेच्या हवाली करून ती आमच्याबरोबर पंचायतीच्या कचेरीत आली, चपला बाहेर काढल्या, आणि भाऊसाहेबांना रजिस्टर काढायला लावलं. तिनं पान बरोबर उघडलं. मोठी, गोलसर अक्षरं, शेवटची ई रेघेच्या बाहेर गेलेली. चिमाबाईंनी त्या अक्षरांवरून हळूच बोट फिरवलं आणि विचारलं, ही सही कशावर आहे?

मी पानाच्या वर बघितलं. तारीख उद्याची. खाली सह्यांच्या चार रांगा, वर ठराव, शेवटी 'सर्वानुमते मंजूर'. सभा अजून व्हायची होती.

भाऊसाहेबांना यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. लोक सभेला येत नाहीत, कोरम भरत नाही, मग काम अडतं. म्हणून शिपाई आठवडाभर आधी रजिस्टर घेऊन घरोघर जातो, वर जागा सोडून सह्या घेतो, आणि ठराव मागाहून लिहितात. सगळीकडे असंच चालतं म्हणाले. गावालाही ते सोयीचंच वाटत होतं. सही मागायला माणूस दारात येतो, चहा घेतो, जातो.

"काय लिव्हलंय वर?" काशाबाईनं मला विचारलं.

मी आधी मनात वाचलं. गावाच्या हद्दीतील संपूर्ण गायरानास कुंपण घालून कायमस्वरूपी चराईबंदी करणे व वृक्षाच्छादन वाढवणे. हे वाक्य माझं होतं. 'कायमस्वरूपी' हा शब्द मी नंतर घातला होता, वाक्याला वजन यावं म्हणून. आमच्याकडे डोंगराला दगडी गडगा घालून गुरं दोन वर्षं बाहेर ठेवली की रान आपोआप माजतं. तेवढं बघून मी ते लिहिलं, सगळ्या महाराष्ट्रासाठी.

लपवून उपयोग नव्हता. मी तिला सोप्या भाषेत सांगितलं: उद्यापासून गायरानात मेंढ्या न्यायच्या नाहीत, असं तुम्ही मंजूर केलंय. तिनं रजिस्टरमधल्या आपल्या सहीवर बोट ठेवलं. गायरान गेलं तर पंधरा घरांच्या मेंढ्या विकायच्या, दुसरं काही नव्हतं, आणि ते तिथं सगळ्यांनाच माहीत होतं.

"सही माझीच हाय," ती म्हणाली. "पन हे बोलनं माझं न्हाई."

मी ते चिमाबाईंना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी वही मिटून पिशवीत टाकली. दुपारी दत्तारावांच्या घरी शेंगोळे केले होते, कुळथाच्या पिठाचे, आम्ही त्याच कुळथाचं पिठलं करतो. एरवी मी त्यावर अर्धा तास बोलले असते. मी ताट तसंच सरकवलं, आणि चिमाबाईंनीही निम्मं ठेवलं. त्यांना ऊन बाधलं असेल, असं मला वाटलं.

झेंड्याचा दिवस

शाळेपुढे झेंडा झाला, मुलांची कवायत झाली, जिलेबी वाटली गेली. इकडे सव्वीस जानेवारीला जिलेबी हवीच, गरम कढईतून काढलेली. मग सभा. यंदा कोरमची काळजी नव्हती. काशाबाईनं वस्तीतली पंधराही घरं आणली होती आणि गावात ज्यांनी ज्यांनी मेंढ्यांची पाळी सांगितली होती त्यांनाही निरोप गेले होते. माणसं मावेनात म्हणून सभा बाहेर लिंबाखाली, म्हणजे आपल्या कडुलिंबाखाली, घ्यावी लागली.

भाऊसाहेबांनी ठराव वाचला. काशाबाई उभी राहिली आणि हे आमाला मान्य न्हाई, एवढंच म्हणून खाली बसली. भाऊसाहेब म्हणाले, मसुदा वरून आलाय, सह्या झाल्यात, आता बदलता येत नाही. वरून म्हणजे कुठून, असं कुणीतरी विचारलं. ते मान खाली घालून कागद चाळू लागले. त्यांना माझं नाव घ्यायचं नव्हतं, भला माणूस.

मी उठले. म्हटलं, वरून नाही, दापोलीहून आलाय. मी लिहिलाय. मी हे गायरान पाहिलेलं नव्हतं, मेंढ्या रानात बसतात हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं. माझी चूक झाली. असं चारचौघांत म्हणायची माझी नोकरीत कधी वेळ आली नव्हती, कारण ज्यांच्यासाठी लिहायचे ती माणसं कधी समोर बसलेली नसायची.

मग दत्ताराव म्हणाले, "म्याडम, मी बी सही केलीय. माझ्याच रानात मेंढरं बसायलीत, आन मीच त्याह्यला बंदी घातली." लिंबाखाली हशा पिकला आणि माझ्या जिवात जीव आला.

पुढे दोन तास खरी सभा झाली. सगळे काशाबाईच्या बाजूचे होते असं नाही. एक कापूसवाला तावातावानं म्हणाला की गेल्या वर्षी लावलेली झाडं मेंढ्यांनीच खाल्ली, टेकडी बोडकी झाली, त्याचं काय? त्याचंही खोटं नव्हतं. वस्तीतल्या एका म्हाताऱ्यानं ते कबूल केलं. शेवटी ठरलं ते असं: टेकडीचा वरचा उतार दोन पावसाळे बंद, तिथे लिंब आणि सीताफळ लावायचं, राखण वस्तीनं करायची. खालचं गायरान मेंढ्यांना खुलं. आणि गावाचं ध्येय म्हणून लिहायचं की दर साली आणखी चार रानांत मेंढरं बसवायची, म्हणजे विकतचं खत तेवढं कमी.

भाऊसाहेब म्हणाले, झाडं मोजायला रकाना आहे, हे मोजायला नाही. काशाबाई म्हणाली, रकाना नसला तरी गावाला माहीत असतं कुणाच्या रानात बसली ते. शोधता शोधता 'इतर' नावाचा एक रकाना सापडला आणि त्यात ते बसलं.

जुन्या पानावर भाऊसाहेबांनी तिरकी रेघ मारून रद्द लिहिलं, दत्तारावांनी त्याखाली सही केली. नवा ठराव मी वाचला. सही करायला पहिली काशाबाई आली. पेन हातात घेतलं आणि म्हणाली, परत वाचा. मी वाचलं. आणखी एकदा वाचा. दुसऱ्यांदा वाचताना तिनं मला थांबवलं. दोन पावसाळ्यांनंतर वरच्या उताराचं काय, ते कुणीच लिहिलं नव्हतं. 'त्यानंतर सभेला विचारून' एवढं घातलं, तेव्हा तिनं सही केली. तिला वेळ लागत होता आणि मागे रांग उभी होती, पण कुणी घाई केली नाही.

सही झाल्यावर ती चिमाबाईंकडे वळली.

"यांच्या देशाच्या कागदावर सही कुणाची हाय, इचारा."

मी विचारलं. मला वाटलं होतं, मंत्र्याचं नाव येईल. चिमाबाई म्हणाल्या, "माझी."

वाचून केली का, हे काशाबाईनं विचारलं आणि मी भीत भीत तेही इंग्रजीत सांगितलं. बाईंनी खोटं सांगितलं नाही. निघायच्या दिवशी सकाळी मसुदा टेबलावर आला, देशाच्या वतीनं मान्य असं लिहिलेल्या जागी खूण केलेली होती, दुपारी विमान होतं. निम्मा वाचला आणि सही केली. सरोवराच्या काठच्या एकाही गावात तो कुणी वाचून दाखवलेला नाही. मी हे मराठीत सांगितलं तेव्हा जवळच्या चार बायकांनीही ऐकलं. कुणी हसलं नाही. काशाबाईनं त्यांचा हात धरला आणि इतक्या सहज, जशी काही रानातली जाळी काढायला सांगत होती, तशी म्हणाली, "मंग काढा की ती सही. आपलीच हाय, कुणाची भीती?"

भीती होती. दुपारी शाळेच्या पडवीत बसून बाईंनी मला सांगितलं की सही मागे घेतली तर परदेशी मदत लांबेल, मंत्री चिडतील, कदाचित हे कामच त्यांच्याकडून काढून घेतील. मुलगी अजून शिकते आहे. मी काय बोलणार? मला दापोलीत पेन्शन आहे, माझी चूक लिंबाखाली माफ झाली.

थोड्या वेळानं त्यांनी माझ्याकडे एक कोरा कागद मागितला. पत्र लिहिलं, छोटंसं, आपल्या मंत्र्यांना. त्या यादीवरची माझी सही मी मागे घेते आहे, यादी आधी सरोवराकाठच्या गावांत त्यांच्या भाषेत वाचून दाखवावी, मग मी सही करीन. खाली नाव घालायच्या आधी त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला आणि मोठ्यानं वाचायला सांगितलं. मी वाचलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मग पुन्हा वाच म्हणाल्या.

दुसऱ्यांदा मी शेवटच्या ओळीपर्यंत आले: माझ्यामुळे होणाऱ्या त्रासाबद्दल क्षमा असावी. तिथे त्यांनी मला थांबवलं, कागद घेतला, ती ओळ खोडली, आणि सही केली.